गुन्हा कबूल केला, आता अपील होईल का?

प्रश्न : धाकट्या भावाने मारामारीच्या केसमध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गुन्हा कबूल केला. दोन महिने कैद आणि दंड झाला. सध्या जामिनावर आहे. कोणी म्हणतं, कबुलीनंतर अपील नाहीच. कोणी म्हणतं, नव्वद दिवस आहेत. निकालाला एकोणीस दिवस झाले.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 416 नुसार कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही. मात्र शिक्षा जास्त किंवा बेकायदा आहे, एवढ्यापुरतं सत्र न्यायालयात अपील होतं. त्याची मुदत 30 दिवस. निकालाचा दिवस आणि नक्कल मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज आजच द्या. जामीन अपिलापुरता असेल तर त्याची तारीखही पाहा. उशीर माफ होतो, पण सबळ कारण लागतं.

नव्वद दिवस असतात ते पुनरीक्षण अर्जाला. भावाला आरोप न समजताच किंवा दबावाखाली त्याने ‘कबूल’ म्हटलं असेल, तर हा मार्ग. कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवायची असते; त्या कागदाची नक्कल घ्या. छापील साच्यात नुसती सही असेल, तर वकिलांना आधी तेच दाखवा. कबुली रद्द झाली तर मात्र खटला पुन्हा उभा राहू शकतो, हे भावाला स्पष्ट सांगा.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा.