घरातली छोटी मोटार : हँड ब्लेंडर घेताना काय पाहावे?



ऊस लागणीच्या पाहणीसाठी आम्ही वाड्या-वस्त्यांवर फिरतो. मागे एका सभासदाच्या घरी चहा घेताना वहिनी म्हणाल्या, "साहेब, पंपाची मोटार कोणती घ्यावी ते मालकांना सांगता. माझी ही मोटार चार महिन्यांत जळली, ती कुणी बघायची?" त्यांच्या हातात हँड ब्लेंडर होता. आम्ही काय बोलणार? वॅटचा मोठा आकडा पाहून आम्हीही एक घेतला होता आणि शेंगा चटणी करताना जाळला होता. त्यातून शिकलो ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट कामाची. १९५० साली स्वित्झर्लंडच्या रोजे पेरिनजाके यांनी या यंत्राचे पेटंट घेतले. हे यंत्र ओल्या व पातळ पदार्थांसाठी आहे. शिजलेली तूरडाळ घोटणे, करमाळ्याकडच्या बाजार आमटीतल्या डाळी एकजीव करणे, टोमॅटोचे सार, ताक, ही त्याची कामे. आपली शेंगा चटणी त्याचे काम नव्हे. तिला कुटून तेल सुटावं लागतं. ते उखळात किंवा खलबत्त्यात. कोरडे दाणे पात्यात अडकतात, फिरकी थांबते आणि मोटार तापते.

काम एक आणि यंत्र दुसरे, हा घोटाळा जुनाच आहे. सत्यप्रकाश माथूर या अभियंत्यांच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही. म्हणून त्यांनी जास्त ताकदीची मोटार बसवून १९६३ साली 'सुमीत' मिक्सर काढला. वाटणाला मिक्सर आणि घोटायला ब्लेंडर, असे धरून चालावे.

खरेदी करताना पुढील बाबी पाहाव्यात :

१) वॅट : पंपावरचा एचपी म्हणजे मोटार किती शक्ती देते तो आकडा. ब्लेंडरवरचे वॅट म्हणजे मोटार किती वीज खाते तो. त्यामुळे नुसत्या वॅटवर भुलू नये.

२) चालविण्याची वेळ : सलग किती वेळ चालवावे, हे पट्टीवर किंवा माहितीपत्रकात दिलेले असते. बऱ्याच ब्लेंडरना एक मिनिटाचीच मर्यादा असते. दोन सारख्या किमतीच्या यंत्रांत जास्त वेळ चालणारे घ्यावे.

३) दांडा व जोड : गरम डाळीसाठी दांडा स्टीलचा असावा, आणि धुण्यासाठी सुटा होणारा. मोटार आणि दांडा यांच्यामधला प्लास्टिकचा जोड झिजतो किंवा तुटतो. तो सुटा मिळतो का, हे दुकानदाराला आधीच विचारावे.

४) सुरक्षितता : आयएसआय खूण पाहावी. दोन पिनांचे यंत्र असेल तर पट्टीवर चौकोनात चौकोन अशी दुहेरी आवरणाची खूण हवी. तीन पिनांचे असेल तर घराचे अर्थिंग नीट हवे.

५) दुरुस्ती : सेवा केंद्र सोलापुरात किंवा आपल्या तालुक्याच्या गावी आहे का? नसेल तर दोनशे रुपये स्वस्त घेतलेली वस्तू शेवटी महागच पडते.

वापरतानाही काळजी हवी. पाते पदार्थात बुडवून मगच बटण दाबावे. मोटारीचा भाग पाण्यात घालू नये. विजेचा दाब कमी असताना फिरकी मंदावते, आतला पंखाही मंदावतो. अशा वेळी घट्ट डाळ लावू नये, थोडे पाणी घालून सैल करावी. जळका वास आला की लगेच बंद करावे. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये : पात्यात अडकलेले काढण्याआधी पिन बोर्डातून काढावी. चुकून बटण दाबले गेले तर क्षणात बोट जाते. मुलांना हे बजावून सांगावे.

शेवटी मालक मंडळींना एक विनंती. पंप घेताना आपण चार जणांना विचारतो, बिल आणि हमीपत्र जपून ठेवतो. ब्लेंडर घेतानाही तेवढेच करावे. ज्या बाईला तो रोज धरायचा आहे तिला दुकानात बरोबर न्यावे. मूठ हाताला बसते का, वजन पेलते का, बटण सतत दाबून अंगठा दुखेल का, हे तिलाच कळते. उसाच्या बिलातून वस्तू घ्यायचीच आहे, तर ती पुढच्या हंगामातही चालावी.