एक तिफण, अनेक रचना

बोरगावच्या एका अंगास कारखाने आहेत, तर दुसऱ्या अंगास कापूस, तूर व ज्वारी यांची शेते. शेत आणि कारखाना यांना सांधणाऱ्या एका विद्येचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत. संगणकाच्या साहाय्याने यंत्राचे आरेखन करणे, आणि त्यातही एकाच यंत्राच्या अनेक रचना सांभाळणे, ही ती विद्या होय.

उदाहरण घरचेच घेऊ. तिफणीस तीन फण असतात. चाड्यात टाकलेले बी नळ्यांवाटे फणांमागे जमिनीत पडते. फणांमध्ये ४५ सेंटिमीटर अंतर ठेवले की ज्वारीची पेरणी साधते. मधला फण व त्याची नळी काढून चाड्याचे मधले छिद्र बुचाने बंद केले, तर ओळींतील अंतर ९० सेंटिमीटर होते आणि तीच तिफण तुरीच्या कामी येते. यंत्र एक, रचना दोन!

आता हिचे आरेखन संगणकावर करावयाचे आहे, असे समजा. सुटे भाग रेखाटून एकत्र जोडले म्हणजे ‘असेंब्ली’ तयार होते. नवशिक्यास वाटते, दुसऱ्या रचनेसाठी साऱ्या आराखड्याची नक्कल करावी. परंतु पुढे दांडीची जाडी बदलली, तर ती प्रत्येक नकलेत बदलावी लागते. एकीत राहून गेली की घात झाला. यावर सॉलिडवर्क्ससारख्या प्रणालींत ‘कॉन्फिगरेशन’ हा उपाय आहे. एकाच फाइलमध्ये ‘ज्वारी’ व ‘तूर’ या दोन रचना नोंदवाव्यात. ‘तूर’ रचनेत मधला फण व नळी ‘सप्रेस’ करावी, म्हणजे पुसून न टाकता बाजूस ठेवावी. ‘ज्वारी’ रचनेत बूच बाजूस ठेवावे. असा भाग त्या रचनेच्या वजनात धरला जात नाही. दांडी मात्र सामायिक असल्याने तिच्यातील बदल दोन्ही रचनांत आपोआप उतरतो. रचना पुष्कळ असल्यास त्यांचा तक्ता करता येतो: प्रत्येक ओळीत एक रचना, प्रत्येक रकान्यात एक भाग किंवा माप.

येथे दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, कडेच्या फणांचे अंतर मधल्या फणापासून मोजू नये. तो बाजूस ठेवला की त्याच्याशी बांधलेले जोडही निकामी होतात आणि कडेचे फण मोकळे सुटतात. म्हणून अंतर आडव्या लाकडाच्या मध्यरेषेपासून मोजावे. दुसरे, माप बदलताना ते चालू रचनेपुरते आहे की सर्व रचनांसाठी, हे प्रत्येक वेळी पाहावे.

विसंगतीची किंमत जगाने मोजली आहे. एअरबसच्या ए-३८० विमानात २००६ साली तारांचे जुडगे आखूड भरले. जर्मनीतील व फ्रान्समधील अभियंते कॅटिया या आरेखन-प्रणालीच्या निरनिराळ्या आवृत्त्या वापरीत होते, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. नियोजन कोलमडले आणि पहिले विमान ऑक्टोबर २००७ मध्ये ग्राहकाच्या हाती पडले.

तिफण विमानाएवढी गुंतागुंतीची नाही. पण चुकीच्या आराखड्यावरून घडविलेला फण मृगाच्या तोंडावर हाती आला, तर शेतकऱ्याची ओल हुकते. विद्यार्थिमित्रांनो, पेन्सिल असो वा संगणक, जे सामायिक आहे ते एकाच ठिकाणी लिहावे आणि जे भिन्न आहे ते स्पष्ट नावाने वेगळे ठेवावे, एवढे आपण ध्यानी ठेवू.