कसली लाईन?

आबा दौंड-मनमाड मार्गावरच्या लहान स्टेशनांवर पॉइंट्समन होते. निवृत्त झाल्यावर पिंपरी पेंढारला शेतावर राहायला आले. नात प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरीच्या वह्या तपासताना तिचा लाल पेन एका वाक्यावर अडला : 'आम्ही प्रार्थनेला लाईन करून उभे राहिलो.'

नात : आबा, ही 'लाईन' चूक धरू का?

आबा : कसली लाईन?

नात : रांग हो. मुलांची रांग.

आबा : वाचल्याबरोबर कळलं ना तुला? मग शब्दानं आपलं काम केलं. उलट 'लाईन' एवढंच म्हटलं की मला विचारावं लागतं. गड्यानं सकाळी सांगितलं, 'लाईन फुटली', तेव्हा मी पाईपलाईन समजलो. दुपारी तुझी आजी म्हणाली, 'लायनीवर झाड पडलंय', ती विजेची. संध्याकाळी शेजारचा म्हणाला, 'पोरगं लायनीला लागलं', म्हणजे नोकरीला चिकटलं.

नात : आणि कॉलेजातली पोरं लाईन मारतात.

आबा : ती आमच्याही वेळी मारायची, फक्त बोलून दाखवायची नाहीत! पुढं ऐक. 'आमच्या लाईनचा माणूस' म्हणजे आमच्या धंद्यातला. 'पेपरची लाईन टाकतो' म्हणजे ठरलेल्या घरांना अंक पोचवतो. क्रिकेटात लाईन आणि लेंथ. मुंबईत सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर.

नात : आणि मरीन लाईन्स?

आबा : तिथं फसू नको. ते नाव रुळांवरून आलेलं नाही. इंग्रजांच्या काळात तिथं मरीन बटालियनची वस्ती होती. पलटणीच्या राहुट्या, बराकी ओळीनं उभ्या असायच्या, म्हणून त्या वस्तीलाच 'लाईन्स' म्हणायचे. पोलीस लाईन त्यातलीच, नागपूरची सिव्हिल लाईन्सही त्यातलीच.

नात : एका शब्दाला एवढे अर्थ सुचले तरी कसे?

आबा : मुळात अर्थ एकच, दोरा. लॅटिनमध्ये जवसाला 'लीनम' म्हणतात. त्या झाडाच्या धाग्याचा दोरा तो 'लीनिया', आणि त्याच धाग्याचं कापड ते लिनन. आपण जवसाची चटणी खातो, त्यांनी त्याच्या धाग्यानं रेघा आखल्या. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते. रेघेवर माणसं उभी केली की रांग, अक्षरं मांडली की ओळ, रूळ टाकले की रेल्वे. तारही दोऱ्यासारखीच, म्हणून विजेची लाईन आणि फोनची लाईन. रेघेपलीकडं जाऊ नको म्हटलं की ती सीमा झाली. १९४७ ची रॅडक्लिफ लाईन तशीच. १९७२ च्या सिमला करारानंतर काश्मिरात जी ठरली, तिला आपण ताबारेषा म्हणतो.

नात : पण आपल्याकडं दोऱ्याची लाईन कुठं राहिलीय?

आबा : खालच्या आळीत घराचा पाया चाललाय, तिथं जाऊन बघ. गवंडी दोन खुंट्या ठोकतो, मध्ये दोरी ताणतो, बोटानं टिचकी मारून ती थरथरते का बघतो आणि मगच वीट ठेवतो. त्या दोरीला म्हणतात लाईनदोरी. इंग्रजीत दोऱ्याची रेघ झाली, आपल्या गवंड्यानं रेघेला पुन्हा दोरी जोडली. आपलं 'सूत'ही याच वाटेनं गेलंय. सूत म्हणजे धागा. गवंडी-सुताराकडं इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. आणि दोघांचं पटलं की सूत जुळलं.

नात : हे सगळं पटलं, आबा. पण वहीचं काय? लाल रेघ मारू की नको?

आबा : थांब जरा. माझी खरी लाईन राहिलीच की! आमचा मार्ग एकेरी. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर संपलंच. म्हणून पुढच्या स्टेशननं लाईन क्लिअर दिल्याशिवाय मास्तरच्या यंत्रातून गोळा बाहेर पडायचा नाही. पोलादी गोळा, चामडी पिशवीत घातलेला, पिशवीला मोठं कडं. मी ते उंच धरून उभा राहायचो आणि ड्रायव्हर चालत्या गाडीतून त्यात हात घालून उचलायचा. गोळा हातात आला की पुढच्या स्टेशनपर्यंतची लाईन त्याची एकट्याची. आता कोणीही म्हणतं, 'लाईन क्लिअर आहे, या चहाला!' आम्ही दोन शब्दांवर शेकडो जीव सोपवायचो.

नात : आपल्या तालुक्यात मात्र ती लाईन आलीच नाही.

आबा : नको तिथं बोट ठेवलंस. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून जाणार, हे ऐकत म्हातारा झालो. इथला कांदा, टोमॅटो ट्रकनंच मुंबईला जायचा. आणि शेवटी तो मार्ग का नाकारला? खोडदच्या दुर्बिणीला त्रास होईल म्हणून!

नात : जीएमआरटी? तिचा रेल्वेशी काय संबंध?

आबा : तिथं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात. विश्वात सगळ्यात जास्त असलेला वायू हायड्रोजन. तो २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. आलेखावर नेमकी एकाच जागी रेघ उठते, तिलाही शास्त्रज्ञ लाईन म्हणतात. ती पहिल्यांदा पकडली १९५१ साली, अमेरिकेत. आकाशगंगा जितकी लांबची, तितकी ती लहर ताणून येते. किती ताणली ते मोजलं की अंतराचा अंदाज बांधता येतो. ही लहर इतकी क्षीण, की जवळून विजेची गाडी गेली तर तिच्या ठिणग्यांच्या गोंगाटात ती बुडून जाईल.

नात : म्हणजे एका लाईनीसाठी दुसरी लाईन अडली!

आबा : हसू नको. दुर्बीण हवीच, तिचा अभिमानही आहे. पण शेतकऱ्याला रेल्वे नको होती असं कोणी समजू नये.

नात : बरं. वहीचं सांगा ना.

आबा : तुझी गाडी तिथंच अडलीय. शिवनेरीला आपण काय म्हणतो?

नात : किल्ला.

आबा : अरबी शब्द. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी किल्ला राहिला, जमीन राहिली, सरकार राहिलं. पोर्तुगीजांचा बटाटा राहिला, पगारही राहिला. लोकांना जो शब्द कामाचा वाटतो, तो राहतो.

नात : मग लाईनही मराठीच झाली म्हणायची?

आबा : तूच बघ. इंग्रजीत तिला लिंग नाही. आपण तिला 'ती' केलं, कारण आपली ओळ, रांग, रेघ, रेषा, सगळ्या 'ती'च आहेत. अनेकवचन केलं 'लायनी', विभक्ती लावली 'लायनीत'. जो शब्द मराठी व्याकरण पाळतो, त्याला परका कसं म्हणू? जी वस्तू इंग्रजांबरोबर आली, वीज, नळ, रेल्वे, तिथं 'लाईन' बिनधास्त म्हण.

नात : आणि प्रार्थनेला?

आबा : इथं माझी तक्रार आहे. ही बया सगळ्या घरात शिरते. वहीत असते ओळ. पट्टीनं मारतो ती रेघ. भूमितीत रेषा. जेवायला पंगत. मोत्यांचा सर. उसाची सरी. पाभरीनं पेरलं की जमिनीवर उमटतं ते तास. आता सगळ्यांची लाईनच. लाईन आली याचं दुःख नाही. तिच्या येण्यानं सातजण बेघर झाले, त्याचं आहे. तू लाल रेघ मारू नको, शेजारी 'रांग' लिही. पोराला दोन्ही शब्द मिळू देत.

नात : 'तास' मात्र मी आजच ऐकला. मला घड्याळातला तेवढा माहीत.

आबा : कारण आता पेरणी ट्रॅक्टर करतो आणि पाभर अडगळीत पडलीय. ती हाकलेली माणसं अजून आहेत, पण फार दिवस नसतील. तुझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराला सांग : घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, आता कोणी बोलत नाही असे पाच शब्द वहीत उतरवून आण. आणि तुझ्या शाळेपुरतंच ठेवू नको. हे वाचणाऱ्या मास्तरांनीही आपापल्या वर्गात एवढा एक गृहपाठ द्यावा.