घटक 4 : कर्जव्यवहाराची भाषा आणि दैनंदिन जीवन

4.1 उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• कर्जव्यवहारातील मराठी शब्दांचे नेमके अर्थ सांगता येतील.
• व्याजदराची निरनिराळी रूपे एकाच मापात आणता येतील.
• स्वतःच्या देण्यांचे टिपण तयार करता येईल.

4.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीचा अभ्यास म्हणजे केवळ अर्ज आणि इतिवृत्त लिहिण्याचा सराव नव्हे. ज्या भाषेत आपण देणे-घेणे करतो, ती नीट न कळल्यास तिची किंमत पैशांत मोजावी लागते. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा व्यवसाय सांभाळून शिकत आहात; घरात एखादा हप्ता चालू असण्याचीही शक्यता आहे. म्हणून या घटकात सातारा-सांगली परिसराच्या आधारे कर्जाच्या भाषेचा विचार करू.

4.3 विषय-विवेचन

4.3.1 शब्द आणि नाती

'हातउसने', 'उधारी' आणि 'कर्ज' हे समानार्थी शब्द नाहीत. हातउसने पैसे ओळखीवर मिळतात. त्यांना बहुधा व्याज नसते, पण भीड असते. उधारी दुकानदाराच्या वहीत राहते. कर्जाला मुद्दल, व्याज, मुदत आणि पुष्कळदा तारण किंवा जामीनदार असतो. 'ऋण' या शब्दाला तर पितृऋणासारख्या कल्पनांमुळे नैतिक वजन आले आहे. त्यामुळेच कर्जबाजारी माणूस "मी कर्जात आहे" असे न म्हणता "सध्या जरा ओढाताण आहे" असे म्हणतो. हा आडपडदा समजण्यासारखा असला, तरी महाग पडतो. दुकानासमोरून जाणे टाळले जाते, फोन उचलला जात नाही, आणि दागिने गहाण पडल्याचे घरच्यांना लग्नसराईत कळते. तोवर व्याज थांबलेले नसते.

4.3.2 'शेकडा तीन' आणि 'द.सा.द.शे. बारा'

बँकेच्या कागदावर 'द.सा.द.शे. 12' असे लिहिलेले असते. म्हणजे दर साल दर शेकडा 12 रुपये. खाजगी सावकार मात्र "शेकडा तीन" म्हणतो. येथे 'दर महिना' हे शब्द उच्चारले जात नाहीत, ते गृहीत धरलेले असतात. कानाला तीन हा आकडा बारापेक्षा लहान वाटतो. प्रत्यक्षात तो वर्षाला 36 होतो. 50,000 रुपयांवर पहिल्या प्रकारात वर्षाचे व्याज 6,000 रुपये, तर दुसऱ्यात 18,000 रुपये.

दुसरा फरक 'सरळ दर' आणि 'घटत्या शिलकीवरील दर' यांतला. 60,000 रुपयांवर सरळ 10 टक्के आकारून 12 समान हप्ते पाडले, तर प्रत्येक हप्ता 5,500 रुपयांचा होतो. मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागते. त्यामुळे खरा वार्षिक दर जवळजवळ 18 टक्के पडतो.

4.3.3 कागदाचा इतिहास

1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या रोख्यांवर आणि हिशेबवह्यांवर होता. कारण ज्या कागदाने जमीन जात होती, तो बहुतेकांना वाचता येत नव्हता. त्यानंतर आलेला 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांना लागू झाला. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग त्या वेळी साताऱ्यातच होता. रोख्यावरील आकडा अंतिम न मानता व्यवहार मुळापासून तपासण्याचा मार्ग या कायद्याने न्यायालयांना दाखवला.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 हा आजचा कायदा. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा अधिक करता येत नाही. जुन्या 'दामदुप्पट' नियमाचेच हे रूप आहे. 'गहाणखत' म्हणून 'खरेदीखत' करून घेतले गेले आणि सावकारीच्या ओघात जमीन गेली, तर 15 वर्षांच्या आत जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, दाद मागता येते.

अक्षरओळख नसली म्हणजे हिशेबही येत नाही, असे मात्र नाही. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. महिलांनी व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी दर्शवली आणि पुढे परवाना मिळाला.

4.3.4 कर्जाचे नियोजन

1. सर्व देणी एका पानावर लिहा : कोणाचे, किती मुद्दल, कोणता दर, कोणती तारीख. हातउसनेही वगळू नका.
2. प्रत्येक दर 'द.सा.द.शे.'मध्ये बदला.
3. सर्व हप्ते नियमित ठेवून उरलेली रक्कम सर्वांत महाग कर्जाकडे वळवा.
4. मिळकतीचा काळ पाहा. आडसाली उसाला सुमारे दीड वर्ष लागते. त्याच्या भरवशावर मासिक हप्ता स्वीकारू नका.
5. हप्ता चुकण्याआधी धनकोशी बोला. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या.
6. जामीनदार होणे म्हणजे केवळ सही देणे नव्हे. ऋणकोने न फेडल्यास ते देणे आपले होते.
7. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका व वित्तसंस्थांनी वैयक्तिक कर्जदाराला मुख्य अटींचे विवरणपत्र त्याला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. ते मराठीत मागा. त्यातील वार्षिक दर वाचल्याशिवाय सही करू नका.

4.4 सारांश

कर्ज लगेच फिटेलच असे नाही. परंतु मोघम शब्दांत दडलेले देणे आकड्यांत लिहिले की त्याची मर्यादा दिसू लागते. कर्जाचे व्यवस्थापन तेथूनच सुरू होते.

4.5 सरावासाठी स्वाध्याय

1. 'गहाणखत' आणि 'खरेदीखत' यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
2. "शेकडा पाच" या दराने 20,000 रुपयांवर एका वर्षाचे व्याज किती होईल?
3. तुमच्या परिसरात कर्जाविषयी बोलताना वापरले जाणारे पाच शब्दप्रयोग नोंदवा. ते व्यवहार स्पष्ट करतात की झाकतात, ते लिहा.