वाचकांचे प्रश्न : वारंवार क्लेम झालेल्या मोटारीचा विमा

प्रश्न : माझी १,२०० सीसीची मोटार सहा वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत बंपर, दरवाजा अशा किरकोळ दुरुस्त्यांसाठी तीन वेळा क्लेम घेतला. त्यामुळे नो क्लेम बोनस गेला आणि यंदा कंपनीने हप्ताही बराच वाढवून सांगितला आहे. दुसऱ्या कंपनीकडे जाऊन मागचे क्लेम न सांगता बोनस लावून घ्या, असे एजंट म्हणतो. हप्ता कमी कसा करावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एजंटाने सुचवलेला मार्ग आपण सर्वथा वर्ज्य करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण गेल्या मुदतीत क्लेम घेतला नाही असे आपण लिहून दिले आणि नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे चौकशी करताच ते असत्य ठरले, तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानभरपाईवरील आपला हक्कच संपुष्टात येतो, आणि ही गोष्ट बहुधा उघडकीस येते ती मोठा अपघात होऊन गाडी गॅरेजात पडलेली असताना.

हप्त्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये सक्तीचा असून त्याचा दर केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून अमलात आलेल्या दराप्रमाणे आपल्या वर्गाच्या खाजगी मोटारीस तो ३,४१६ रुपये आहे आणि चालकाच्या पूर्वेतिहासाने त्यात फरक पडत नाही. आपल्या क्लेमांचा भार पडतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागावर, आणि तो भाग प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने आकारते. सबब, झालेले क्लेम प्रामाणिकपणे नमूद करून तीन-चार कंपन्यांकडून दर मागवावेत.

मात्र खरी बचत पुढे आहे. ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० रुपये धरू. बंपरचे बिल ६,००० रुपये झाले, त्यात ४,००० सुट्या भागाचे व २,००० मजुरीचे, तर झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची सोय, नसलेल्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा आणि वर १,००० रुपयांची सक्तीची वजावट जाऊन हाती ३,००० रुपये येतात. उलट, क्लेम न घेता तिसरे वर्ष पुरे झाले असते तर ३५ टक्के, म्हणजे ४,२०० रुपये, बोनस मिळाला असता. आणि बोनसाची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० अशी असल्याने, एक क्लेम घेताच ती पहिल्या पायरीपासून पुन्हा चढावी लागून त्यापुढील वर्षी ४५ च्या जागी केवळ २० टक्के पदरी पडतात. म्हणून अशी किरकोळ दुरुस्ती यापुढे स्वखर्चानेच करावी.

हा निश्चय होत असेल तर ऐच्छिक वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममधील ठरावीक रक्कम स्वतः सोसण्याची अट, स्वीकारावी. पूर्वापार चालत आलेल्या कोष्टकाप्रमाणे ५,००० रुपयांच्या वजावटीस ओन डॅमेजवर २५ टक्के, कमाल १,५०० रुपये. ७,५०० ला ३० टक्के, कमाल २,०००. आणि १५,००० ला ३५ टक्के, कमाल २,५०० रुपये सूट मिळते. दर देताना कंपनी हेच आकडे धरते काय, हे विचारून घ्यावे; पण शेवटच्या टप्प्यात अवघ्या ५०० रुपयांसाठी ७,५०० रुपयांची जादा जोखीम शिरावर येते, आणि तो सौदा मला मान्य नाही. आपण ५,००० वर थांबावे.

आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमित किंमत, खाली आणून हप्ता घटवण्याचा मोह अनेकांना होतो. चोरी झाल्यास तीच किंमत हाती येते, हे लोक जाणतात. परंतु दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते, त्यामुळे किंमत कमी लिहून घेणाऱ्याची दुरुस्त होण्याजोगी गाडीही लवकर मोडीत निघते व भरपाईतून तशी दुसरी मिळत नाही, हे क्वचितच कोणी सांगतो.

स्वतःचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा अन्यत्र असल्यास तो पॉलिसीत पुन्हा घेऊ नये. गाडी फारशी चालत नसेल, तर किलोमीटरच्या हिशेबाने हप्ता आकारणाऱ्या योजनेचीही चौकशी करावी. विमा नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये तिला मुभा दिली आहे. आणि नूतनीकरण मुदतीच्या आतच करावे. खंड पडल्यास गाडीची तपासणी करवून घ्यावी लागते, आणि ९० दिवस उलटले तर तोवर नव्याने कमावलेला बोनसही जातो.