ऐकू येतं, पण शब्द कळत नाही : कर्करोगाच्या उपचारानंतर वर्गात परतलेलं मूल



श्रुतलेखनात आपण ‘साठ’ म्हणालो आणि मुलाने ‘आठ’ लिहिलं, की आपल्या तोंडून पटकन निघतं, “लक्ष कुठे आहे तुझं?” पण ते मूल कर्करोगाचे उपचार घेऊन शाळेत आलेलं असेल, तर कदाचित त्याने अगदी लक्ष देऊन ऐकलेलं असतं. त्याच्या कानापर्यंत ‘स’ पोहोचलेलाच नसतो. हे का होतं आणि आपण काय करू शकतो, ते आज समजून घेऊ.

औषध आणि कान

सिसप्लॅटिन हे केमोथेरपीतलं एक महत्त्वाचं औषध आहे. अमेरिकेत 1978 साली त्याला मान्यता मिळाली. यकृताचा, हाडांचा, मेंदूचा, तसेच मज्जापेशींपासून होणारा न्यूरोब्लास्टोमा अशा लहान मुलांच्या अनेक कर्करोगांत ते वापरतात. या औषधामुळे असंख्य मुलं बरी झाली आहेत, हे आधी लक्षात ठेवू.

पण त्याचा एक दुष्परिणाम कानावर होतो. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्याला कर्णावर्त म्हणतात. त्यात अतिशय नाजूक केशपेशी असतात. आवाजाची कंपनं मेंदूला कळेल अशा संदेशात बदलण्याचं काम त्यांचं. सिसप्लॅटिन या पेशींना इजा करतं. माणसाच्या शरीरात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून गेलेलं ऐकणं परत येत नाही. औषधाची एकूण मात्रा वाढते तसा धोका वाढतो. पाच वर्षांखालील मुलांना तो जास्त असतो. सोबत जेंटामायसिन, अमिकॅसिनसारखी प्रतिजैविकं किंवा डोक्याला रेडिएशन द्यावं लागलं, तर कानावरचा भार आणखी वाढतो.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. उपचार संपल्यावरही काही मुलांचं ऐकणं पुढे कमी होत जातं. म्हणून “शेवटच्या तपासणीत कान ठीक होते” एवढ्यावर थांबता येत नाही.

‘स’, ‘श’, ‘फ’ कुठे जातात?

पेटी डोळ्यांसमोर आणा. डावीकडच्या पट्ट्या खर्जाच्या, उजवीकडच्या उंच स्वराच्या. या औषधाने आधी उजवीकडच्या पट्ट्या मुक्या होतात. स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. ते ऐकू येतात. स, श, फ, थ यांचा आवाज बारीक आणि उंच असतो. तो हरवतो. मग ‘साठ’चा ‘आठ’ होतो, ‘सात’चा ‘आत’ होतो. इंग्रजीच्या तासाला ‘कॅट’ आणि ‘कॅट्स’ यांतला फरकच कळत नाही.

म्हणूनच घरची परीक्षा फसवते. मागून टाळी वाजवली की मूल वळतं, हाक मारली की ‘ओ’ देतं. घरचे म्हणतात, “कान चांगले आहेत, आजारपणामुळे जरा चिडचिडं झालंय.” वर्गात मात्र पंख्याचा आवाज, शेजारच्या वर्गातले पाढे आणि फळ्याकडे तोंड करून बोलणारे आपण! तिथे त्याचं अर्धं वाक्य निसटतं. मूल मान डोलवतं, शेजाऱ्याच्या वहीत बघतं, हळूहळू बोलणं कमी करतं.

थांबायचं कुठे, आणि थांबायचं नाही कुठे?

कर्करोगाच्या उपचारात थांबणं पदोपदी येतं. आईवडील बॅग भरून मुंबईला जातात, रक्त तपासतात आणि उत्तर मिळतं, “काउंट कमी आहेत, पुढच्या आठवड्यात या.” धर्मशाळेतला मुक्काम वाढतो, वडिलांची रजा संपते, शाळेत परतायची तारीख पुढे जाते. मुलाला वाटतं, आपण बरं होत नाही आहोत.

इथे दोन प्रकारचं थांबणं वेगळं करायला हवं. पांढऱ्या पेशी वाढेपर्यंत किंवा मूत्रपिंडाचं काम सुधारेपर्यंत डॉक्टर पुढची सायकल लांबवतात, तेव्हा ते मुलाच्या सुरक्षेसाठी असतं. तो उपचाराचाच भाग आहे. मुलालाही तसंच सांगावं, “तुझं शरीर पुढच्या औषधासाठी तयार होतंय.” शाळेनेही तारखेचा आग्रह धरू नये. अभ्यास छोट्या घटकांत द्यावा, म्हणजे आठवडा मागेपुढे झाला तरी काही बिघडत नाही.

पण दोन ठिकाणी थांबायचं नाही.

पहिलं, ताप. केमो सुरू असलेल्या मुलाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर तो तातडीचा प्रसंग समजावा. शाळेत ताप आला तर गोळी देऊन शाळा सुटायची वाट पाहू नका. लगेच पालकांना फोन करा, त्यांनी लगेच रुग्णालयाला कळवावं.

दुसरं, कान. पहिल्या डोसच्या आधी एक तपासणी, उपचार सुरू असताना पुन्हा पुन्हा आणि संपल्यावर दरवर्षी, असं साधारण वेळापत्रक असावं. मोठ्या मुलांसाठी ऑडिओमेट्री असते. लहानग्यांसाठी खेळातून घेतलेली चाचणी, ओएई किंवा बेरा असते. सायकल पुढे ढकलली गेली, तर त्याच फेरीत कानाची तपासणी होईल का, हे जरूर विचारा. “आधी कॅन्सर बरा होऊ दे, मग कान बघू” असं म्हणण्यात मुलाची भाषा शिकायची वर्षं निघून जातात.

कानाच्या भीतीने केमोची सायकल मात्र स्वतःहून चुकवू नका. तो निर्णय डॉक्टरांचाच. त्यांना एक प्रश्न विचारा : सोडियम थायोसल्फेट आमच्या मुलाला चालेल का? यकृताच्या कर्करोगाच्या मुलांवरील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात (2018) नुसतं सिसप्लॅटिन घेतलेल्यांपैकी 63 टक्के मुलांचं ऐकणं कमी झालं. सिसप्लॅटिननंतर सहा तासांनी हे औषध दिलेल्यांत ते प्रमाण 33 टक्के होतं. शरीरात न पसरलेल्या गाठींसाठी अमेरिकेत 2022 मध्ये त्याला मान्यता मिळाली. प्रत्येक मुलाला ते योग्य असेलच असं नाही. ते गेलेलं ऐकणं परतही आणत नाही. म्हणून हा प्रश्न उपचाराच्या सुरुवातीलाच विचारायचा.

आणि हो, कानात तेल घालणं नको. मळ किंवा सर्दीमुळेही ऐकणं कमी होऊ शकतं. ते डॉक्टरांनाच बघू द्या.

वर्गात आपण काय करू शकतो?

1. मुलाला पुढे, पंख्याच्या आणि खिडकीच्या आवाजापासून दूर बसवा. अंतर दुप्पट झालं की आवाज बराच कमी होतो.
2. फळ्यावर लिहून झाल्यावर वर्गाकडे तोंड करून बोला. आपले ओठ दिसले की मुलाला निम्मं काम सोपं होतं.
3. ओरडू नका. ओरडण्याने ‘आ’ मोठा होतो, ‘स’ होत नाही. सावकाश आणि स्पष्ट बोला.
4. “कळलं का?” असं विचारलं की मूल ‘हो’च म्हणतं. “काय करायचं ते सांग बरं,” असं विचारा.
5. न कळलेलं वाक्य तसंच पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा.
6. गृहपाठ आणि सूचना फळ्यावर लिहा.
7. श्रुतलेखनात शब्द वाक्यात वापरून सांगा. ‘आजोबा साठ वर्षांचे आहेत’ म्हटलं की ‘आठ’ लिहिलं जात नाही.
8. श्रवणयंत्र असेल तर वर्गाला साधेपणाने समजावा, जसा चष्मा तसं हे. पण मुलाची परवानगी घेऊनच.

कागदाची वाट पाहू नका

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलचा दोष असेल तर ती व्यक्ती ‘कमी ऐकू येणारी’ ठरते. आपल्या मुलाचं उंच पट्टीतलं ऐकणं गेलेलं असलं, तरी तो दोष या रेषेत बसेलच असं नाही. प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणजे अडचण नाही, असा अर्थ कृपया काढू नका. पहिल्या बाकावर बसवायला प्रमाणपत्र लागत नाही!

मदतीसाठी गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांशी बोला. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मुलाचा आजार आणि औषधाचं नाव सांगा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे श्रवण तपासणी आणि श्रवणयंत्राबाबत मार्गदर्शन मिळतं.

पालकांना एकच विनंती. शाळेत परत पाठवताना केमोचा सारांश आणि शेवटच्या ऑडिओमेट्रीची प्रत वर्गशिक्षकांना दाखवा. आणि शिक्षकांनो, आपल्याला वर्गात जे दिसतं ते तारखेसह लिहून पालकांकडे द्या. कोणते शब्द चुकतात, कुठे बसल्यावर चुकतात, एवढंही पुरे. डॉक्टरांकडे मूल काही मिनिटं असतं, आपल्याकडे रोज पाच तास असतं. जे त्यांना दिसत नाही, ते आपल्याला दिसू शकतं.

पुढच्या शिक्षण परिषदेत हा विषय जरूर मांडा.