दारूला आकडा आहे, गांजाला नाही!

जालन्यातून सळया भरलेले ट्रक रात्रंदिवस निघतात. २०२२ पासून समृद्धी महामार्गही आपल्या जिल्ह्यातून जातो. अशा रस्त्यावर नशेतला ड्रायव्हर ओळखायचा कसा?

दारूचं सोपं आहे. अल्कोहोल पाण्यात विरघळतो. रक्तात जितका जास्त, तितका श्वासातही जास्त. फ्युएल सेलच्या मशीनमध्ये फुंकर मारली की प्लॅटिनम इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं, करंट तयार होतो आणि आकडा मिळतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. 'मी गाडी नीट चालवत होतो' ही सबब चालत नाही.

गांजाचं तसं नाही. त्यातलं टीएचसी चरबीत विरघळतं. रक्तातलं प्रमाण काही तासांतच झपाट्याने उतरतं, पण त्याचे अवशेष लघवीत कित्येक दिवस सापडतात. म्हणजे चार दिवसांपूर्वी ओढणारा पॉझिटिव्ह येतो, आणि रक्त घ्यायला उशीर झाला तर खरोखर नशेत असलेला सुटू शकतो! म्हणून याच कलमात अमली पदार्थासाठी आकडा नाही. गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता, हे दाखवावं लागतं. शिक्षा मात्र दोन्हींना सारखीच : २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

म्हणून इथे पोलिसाने जागेवरच केलेली चाल, बोलणं, डोळे यांची नोंद आणि लवकर घेतलेलं रक्त यांवरच सारं अवलंबून असतं. उद्या आपल्यापैकी कोणी गांजासाठी मशीन बनवलंच, तर आधी एवढं विचारा : आपण नशा मोजतोय, की नुसते अवशेष?